ब्रँच लाईनचा उतार

रुवैसच्या कॉलनीत सुपरमार्केटच्या दारात एक नोटीस बोर्ड होता. सोफा विकणे आहे, मॅथ्सची ट्यूशन, दर गुरुवारी अबुधाबीपर्यंत लिफ्ट हवी, असल्या चिठ्ठ्यांनी तो भरलेला असे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्हाला तिथे येऊन दीडेक वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी त्या गर्दीत मला हाताने लिहिलेली एक इंग्रजी चिठ्ठी दिसली. 'नकाशे हाताने काढू शकेल अशी व्यक्ती हवी आहे. कंप्युटर नको.' खाली फोन नंबर.

दुधाची पिशवी हातात घेऊन मी ती दोनदा वाचली. पुण्यात मी एका सर्व्हेच्या ऑफिसात आठ वर्षं ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे नकाशे काढायचं आमचं काम. लग्न झालं, मुलगी झाली, तरी नोकरी सोडली नव्हती. नवऱ्याला इथल्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून बोलावणं आलं तेव्हा सोडली. माझ्या व्हिसावर शिक्का होता : हाउसवाइफ, कामाची परवानगी नाही. पहिल्या दिवशी तो वाचून मी हसले होते. दीड वर्षानंतर हसू येत नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला नंबर दाखवला. तो म्हणाला, "अगं, हे तर आमचे उस्ताद!"

उस्ताद म्हणजे रिफायनरीच्या ट्रेनिंग सेंटरमधले एक अमेरिकन गृहस्थ. साठीला आलेले, उंच, किंचित वाकलेले. अरब, पाकिस्तानी, मल्याळी, सगळे त्यांना उस्तादच म्हणत. नव्या लोकांना सेफ्टी शिकवायची आणि अपघात झाला तर त्याचा रिपोर्ट कसा लिहायचा ते शिकवायचं, हे त्यांचं काम. नवऱ्याने त्यांचा कोर्स केलेला होता.

"पण पैसे घेता यायचे नाहीत हं," तो म्हणाला. "व्हिसाचं लफडं नको."

"पैसे कोण मागतंय?" मी म्हटलं आणि फोन लावला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी उस्ताद आमच्याकडे आले ते कागदांचं एक खोकं घेऊन. मला ते 'मॅम' म्हणाले. मी ओशाळले, तर म्हणाले, "आमच्या डोंगरात सगळ्याच बायकांना असं म्हणतात. सवय आहे, जात नाही." चहा घेता घेता त्यांनी काम सांगितलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरांत, ते जन्मले त्या खोऱ्यात, कोळसा वाहून नेणारी रेल्वेची एक ब्रँच लाईन होती. जेमतेम पंचवीस मैलांची. तिचा इतिहास ते लिहीत होते. लिहिणं बरंचसं झालं होतं, पण नकाशे नव्हते.

"लाईन आता बंद आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी रूळसुद्धा उचलले. बहिणीने फोनवर सांगितलं. मी इथे वाळवंटात बसून ऐकलं."

तेव्हा त्या आख्ख्या देशात एक फूटही रूळ नव्हता. रुवैस म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला रिफायनरीच्या चिमण्या, आणि बाकी सपाट, मिठाने पांढरी पडलेली जमीन. उस्ताद म्हणायचे की इतकं लांबवर दिसतं याचीच त्यांना पहिली दोन वर्षं धास्ती वाटे. त्यांच्या गावात सूर्य दहा वाजता डोंगरावरून वर यायचा आणि तीनला पलीकडे जायचा.

मग दर शुक्रवारी ते येत. माझा ड्रॉइंग बोर्ड पुण्यातच राहिला होता, म्हणून जेवणाच्या टेबलावर काच ठेवून मी काम करू लागले. अबुधाबीला जाऊन ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं आणली. पहिली रेघ जाड-बारीक आली. चौथ्या दिवशी एकसारखी यायला लागली.

कागद वाचता वाचता ती लाईन मला ओळखीची होत गेली. मोठ्या नदीकाठच्या मेन लाईनवर एक जंक्शन. तिथून ही लाईन एका ओढ्याच्या काठाने वर चढायची. ओढा इतका वळणावळणाचा की तीन मैलांत अकरा पूल, आधी लाकडी, मग त्यांत भराव टाकून पक्के केलेले. दोन बोगदे. दर दोन-तीन मैलांवर एक अरुंद घळ आणि प्रत्येक घळीत एक खाण. खाणीचा कोळसा वरून वॅगनमध्ये ओतण्यासाठी पत्र्याची उंच शेड, आणि तिच्याखाली कामगारांची एकसारखी घरं. खोऱ्यात रस्ता नव्हता. त्यामुळे सकाळी वर जाणाऱ्या रिकाम्या वॅगन्सच्या शेपटीला एक प्रवासी डबा जोडत. त्यातून टपाल यायचं, शाळेची मास्तरीण यायची, कोंबडीची पिल्लं, लग्नाचे कपडे आणि शवपेट्यासुद्धा यायच्या. संध्याकाळी तोच डबा कोळशाने भरलेल्या वॅगन्सच्या मागून खाली यायचा.

"मग रस्ता झाला," उस्ताद सांगत. "रस्ता झाला त्या दिवशी सगळे नाचले. दोन वर्षांत तो डबा बंद. मग वाफेची इंजिनं गेली, मग एकेक खाण संपत गेली. मी कॉलेजात गेलो तेव्हा आठवड्याला तीन गाड्या होत्या. आईच्या अंत्यविधीला गेलो तेव्हा एक."

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती डोकावून म्हणाली, "But where did all the people go?"

"Good question," उस्ताद म्हणाले. "मी रुवैसला आलो. बाकीचे ओहायोला."

मला ते सगळ्यात आवडायचे ते असं काही बोलताना. पण एक विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. तो विषय म्हणजे त्यांचे वडील.

वडील त्या लाईनवर ब्रेकमन होते. इंजिन वरच्या खाणीत जाताना भरलेल्या वॅगन्स खालच्या सायडिंगला, म्हणजे लाईनशेजारच्या जादा रुळांवर, सोडून जायचं, आणि त्या जागेवरून हलू नयेत म्हणून ब्रेकमनने वॅगनवर चढून हँडब्रेकचं लोखंडी चाक फिरवून घट्ट करायचं. एका हिवाळ्यात सायडिंगला सोडलेल्या अकरा वॅगन्स सुटल्या. चार मैल उतारावरून धावत जंक्शनच्या स्टेशनात घुसल्या. जीव कोणाचा गेला नाही, पण स्टेशनातल्या क्लार्कचा एक पाय गेला. रेल्वे कंपनीने चौकशी केली. नियमाप्रमाणे सहा वॅगन्सना ब्रेक लावायला हवे होते. चौकशीत लिहिलं की दोनच लावलेले होते. वडील म्हणाले, सहा लावले. त्यांची नोकरी गेली, ते खाणीत उतरले आणि पुढे फुप्फुसांच्या आजाराने गेले.

"कंपनी खोटं बोलली, मॅम," उस्ताद टेबलावर बोट आपटून म्हणाले. "कंपनीने दाखवलं की सायडिंग जवळपास सपाट आहे. आमच्या खोऱ्यात प्रत्येकाला माहीत होतं की तिथे पन्नास फुटांना एक फूट उतार आहे. अशा उतारावर सहा ब्रेकही पुरत नाहीत. वडिलांचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही ते काढून दाखवणार आहात."

ते त्या लाईनच्या मूळ सर्व्हेच्या फोटोकॉप्या घेऊन आले होते. कंपनी बुडाल्यावर तिचे जुने कागद तिथल्या एका लायब्ररीत गेले होते. सुट्टीत जाऊन त्यांनी ते शोधून काढले, पण लेव्हल बुकातले आकडे त्यांना वाचता येत नव्हते. मला येत होते. दर शंभर फुटांवर जमिनीची उंची किती, याची ती वही. त्या उंच्या एका रेषेत मांडल्या की एल-सेक्शन होतो. कुठे चढ, कुठे उतार, सगळं त्यात दिसतं. कालव्याच्या कामात पाच हजार फुटांना एक फूट इतका बारीक उतार आम्ही काढायचो. रेल्वेचा उतार त्या मानाने सोपा.

जंक्शनपासून सुरुवात करून मी वर वर जात राहिले. नवरा ड्यूटीवर, मुलगी शाळेत, घरात फक्त एसीचा आवाज. तीन आठवडे मी इतकी सुखात होते की मला त्याची लाज वाटायची. मग त्या सायडिंगपाशी आले.

आकडे मांडले आणि थांबले. पुन्हा मांडले. पहिल्यापासूनची बेरीज-वजाबाकी तपासली, ती शेवटच्या उंचीशी जुळत होती. तिसऱ्यांदा उलट्या दिशेने, वरून खाली करत आले. तेच उत्तर. सायडिंगला अडीचशे फुटांना एक फूट उतार होता. खरा तीव्र उतार सायडिंग संपल्यावर, पुढे सुरू होत होता. कंपनीने लिहिलं होतं ते बरोबर होतं. अशा जागी सहा ब्रेक लावले असते तर वॅगन्स हलल्या नसत्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने मोजे काढता काढता ऐकून घेतलं.

"मग? आता काय करणार?"

"सांगणार."

"कशाला पण? त्यांना कोण तपासायला येणार आहे? म्हातारा माणूस, बापाचं नाव राखायला बघतोय. तू त्या जागची रेघ थोडी तिरकी काढलीस तर कुणाचं काय बिघडतं? खलास."

"मला तशी काढता येणार नाही."

"येणार नाही की काढायची नाही?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "मला सेंटरमध्ये त्यांना तोंड दाखवायचं असतं, एवढं लक्षात ठेव."

शुक्रवारी उस्ताद आले. मी चहा ठेवला आणि सायडिंगचा भाग त्यांच्यासमोर सरकवला. काय सांगायचं ते रात्रभर मनात जुळवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं. "सर, उतार पन्नासला एक नाही. अडीचशेला एक आहे."

"चूक झाली असेल."

"तीनदा पाहिलं."

"चौथ्यांदा पाहा."

"पाहीन. पण तेच येईल."

त्यांनी कागद उचलला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि राग माझ्यावरच होता. "हा सर्व्हे लाईन बांधण्याआधीचा आहे," ते म्हणाले. "बांधताना बदल केला असणार." खोकं उचलून ते निघून गेले. चहाला हातही लावला नव्हता.

पुढचे तीन शुक्रवार ते आले नाहीत. नवरा सांगे, सेंटरमध्ये भेटतात, सलाम घेतात, बाकी काही नाही. "मी म्हणालो होतो," असं तो एकदाही म्हणाला नाही, हे मी त्याच्या खात्यावर कायम जमा धरते. टेबलावरची काच मी उचलून कपाटामागे ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा काढली, पण तिच्यावर काम काही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी बेल वाजली. उस्ताद दारात उभे, हातात कुरियरचं पाकीट. त्यांनी त्या लायब्ररीला कळवून दुसरा सर्व्हे मागवला होता. अपघातानंतर काही वर्षांनी तिथले रूळ बदलून जाड रूळ टाकले, तेव्हा लाईन नव्याने मोजली होती. त्या वेळच्या वहीची कॉपी.

"फक्त हा काढा," ते म्हणाले. "जुना बघू नका. जे येईल ते."

मी काढला. दोन दिवस लागले. पुढच्या शुक्रवारी ते आले तेव्हा नवराही घरी होता. मी दोन्ही ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवले आणि बाल्कनीच्या काचेवर धरले. बाहेर लख्ख ऊन होतं. काही जागी, जिथे पूल बदलले होते तिथे, दोन रेघा वेगळ्या दिसत होत्या. सायडिंगच्या जागी एकच रेघ दिसत होती.

उस्तादांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काल बहिणीला फोन केला."

बहीण त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. अजून त्याच खोऱ्यात राहणारी.

"मी सगळं समजावून सांगणार होतो. सर्व्हे, उतार, तुमचे आकडे. तिने मला पूर्ण बोलूही दिलं नाही. म्हणाली, दोन. दोनच लावले होते त्यांनी. त्या संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं, मी भांडी विसळत होते. मी तिला विचारलं, मग मला कधीच का सांगितलं नाहीस? म्हणाली, तू तेव्हा चार वर्षांचा होतास. आणि मोठा झाल्यावर तू ही गोष्ट इतकी छान सांगत फिरायला लागलास, की तुला कोण थांबवणार?"

आत मुलगी टीव्ही बघता बघता हसली.

"दोन का, तेही तिने सांगितलं," ते पुढे म्हणाले. "सकाळपासून बर्फाचा पाऊस होता. ब्रेकच्या चाकांवर बर्फाचा थर. बरोबरचा दुसरा ब्रेकमन कंपनीने कमी केला होता, त्यामुळे माझा बाप वर-खाली एकटाच. दोन चाकं फिरवली, तिसऱ्याला पाय घसरला, लटकला. मग उतरला आणि इंजिनाकडे गेला. घाबरला होता. एवढंच."

ते उठून कागदांची गुंडाळी करायला लागले. "हे प्रकरण मी पुस्तकातून काढून टाकतो. तसंही कोणाला पडलंय त्याचं?"

आणि तेव्हा माझा नवरा बोलला. ऑफिसच्या माणसांसमोर कधी आवाज न चढवणारा, मला रेघ तिरकी काढ म्हणणारा.

"सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत," तो म्हणाला. "आधी काय झालं ते लिहा, मग का झालं ते. कोणी केलं हा रकानाच तुमच्या फॉर्ममध्ये नाही. मी विचारलं होतं तुम्हाला वर्गात, का नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, तो रकाना ठेवला की लोक बाकीचे दोन वाचत नाहीत."

उस्तादांनी गुंडाळी टेबलावर ठेवली. "असं म्हणालो मी?"

"दोनदा म्हणालात."

ते हसले नाहीत, पण पुन्हा खाली बसले. मी चहा गरम करून आणला. या वेळी प्यायले.

पुढच्या महिन्यात त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिलं. मला वाचायला दिलं. चार पानं होती. बर्फाचा पाऊस होता, कमी केलेला माणूस होता, सायडिंगचा उतार अडीचशेला एक असा माझ्या आकड्यांनिशी होता, आणि ब्रेक दोनच लावले होते हे वाक्य एकटं, एका ओळीत होतं. त्यानंतर दोन पानं त्या क्लार्कबद्दल. त्याचं पुढे काय झालं याची चौकशी इतक्या वर्षांत त्यांच्या घरात कोणी केलीच नव्हती. उलट त्यानेच चौकशीत खोटी साक्ष दिली, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. दोन्ही घरं एकाच गावात राहून एकमेकांशी बोलत नव्हती. उस्तादांनी बहिणीकरवी माहिती काढली. लाकडी पाय लावून त्या माणसाने आणखी वीसेक वर्षं त्याच स्टेशनात तिकिटं विकली होती.

मी बाकीचे नकाशे पूर्ण केले. सगळी लाईन, जंक्शनपासून शेवटच्या खाणीपर्यंत, नऊ शीट्समध्ये. शेवटचं शीट संपलं त्या दिवशी घरात शिरा केला. उस्तादांनी दोनदा घेतला आणि विचारलं, यात रवा भाजायचा किती. लिहूनही घेतलं.

वर्षभराने त्यांचा करार संपला आणि ते परत गेले. आम्ही रुवैसला आणखी चार वर्षं काढून शारजाला, अल नहदा भागात राहायला आलो. नवरा दुबईत नोकरीला, मुलगी दहावीत. मीही एका सर्व्हेच्या ऑफिसात लागले, रीतसर वर्क परमिट काढून. मुलाखतीत काय काम केलंय विचारलं तेव्हा पुण्यातल्या कालव्यांनंतर मी त्या नऊ शीट्सच्या कॉप्या दाखवल्या. तिथला लेबनीज मॅनेजर म्हणाला, "हबीबी, ही रेल्वे कुठली? इथे तर रेल्वे नाही." मी सांगितलं. तो म्हणाला, "हाताने? यल्ला, सोमवारपासून या." आणि सोमवारी मला कंप्युटरसमोर बसवलं.

पुस्तक आलं ते दोन हजारनंतर, ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर. पातळसं, काळ्या-पांढऱ्या फोटोंचं, तिथल्याच एका छोट्या छापखान्यात छापलेलं. नकाशांखाली माझं नाव होतं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. घरी आल्यावर नवऱ्याने बूट न काढता दारातच उभं राहून ते चार पानांचं प्रकरण वाचलं. मग म्हणाला, "चांगलं लिहिलंय." मुलीने पहिला नकाशा उलगडला आणि म्हणाली, "Aai, you did this? On our dining table?"

सोबत पत्र होतं. उस्ताद बहिणीच्या घरी राहायला गेले होते. गावाच्या लायब्ररीत पुस्तक ठेवलं, तेव्हा क्लार्कची मुलगी, आता स्वतः आजी झालेली, काठी टेकत आली होती. तिने पुस्तक तिथेच बसून वाचलं, दोन प्रती घेतल्या आणि जाताना म्हणाली की रविवारी चर्चनंतर जेवायला या, दोघंही. ते गेले. त्यांनी लिहिलं होतं, 'आम्ही लाईनबद्दल फारसं बोललो नाही. तिच्या बागेतल्या टोमॅटोंबद्दल बोललो.'

मी आभाराचा फोन केला. शुक्रवारी सकाळी परदेशी फोनचं कार्ड खरवडलं, नंबर लावला, तिकडे किती वाजले असतील याचा विचार न करताच. एका बाईने उचलला. आवाज जाड, ठाम. मी नाव सांगितलं.

"अच्छा, नकाशे काढणारी," ती म्हणाली. "तो झोपलाय. उठवू?"

"नको नको. मी नंतर करेन. ते बरे आहेत ना?"

"बरा आहे," बहीण म्हणाली. "सकाळी जुन्या लाईनवरून चालायला जातो. तिथे आता गवत आहे. पूर्वी घरात सारखं काही ना काही सांगत बसायचा. हल्ली मलाच विचारतो, तेव्हा काय झालं, मग काय झालं. मला सगळं आठवत नाही गं. पण आठवतं तेवढं सांगते."